कृष्णेतला दम आणि समुद्रातला श्वास

मे महिन्यात सांगली-मिरजेहून मालवण-तारकर्लीला गाड्या निघतात, वाटेत स्कूबाचा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जाण्याचा, विषय निघतो आणि कुणीतरी म्हणतंच, ‘आम्ही कृष्णेत सूर मारत वाढलो, आम्हाला पाण्याची कसली भीती?’ मला नेमकी याच माणसाची काळजी वाटते. घाटावरून मुटका मारणाऱ्या, एका दमात लांब बुडी घेणाऱ्या पोराच्या अंगात दम धरायची सवय मुरलेली असते. नदीत ती जीव वाचवते. स्कूबात तीच जीव घेऊ शकते.

शाळेतला बॉईलचा नियम आठवा. तापमान तेच ठेवून दाब दुप्पट केला की वायूचं आकारमान निम्मं होतं. दाब निम्मा केला की आकारमान दुप्पट. महाबळेश्वरचा घाट चढताना वेफर्सचं पाकीट टम्म फुगतं ते यामुळेच. सांगलीपासून तिथपर्यंत हवेचा दाब एक दशांशानेही कमी होत नाही, तरी पाकीट फुगलेलं दिसतं. समुद्रात मात्र दर १० मीटर खोलीला अख्ख्या एका वातावरणाचा, म्हणजे पृष्ठभागावर असतो तेवढा, दाब वाढतो.

आता दोघांना १० मीटर खाली पाठवू. पहिला नदीत पोहणारा. तो वरच छातीभर, समजा ६ लिटर, हवा घेतो. तळाशी दाब दुप्पट, म्हणून ती ३ लिटर उरते. वर आला की पुन्हा ६. जेवढी घेतली त्याहून जास्त ती होऊच शकत नाही.

दुसऱ्याच्या पाठीवर टाकी आहे. (तिच्यात ‘ऑक्सिजन’ असतो असं बातम्यांत छापून येतं, पर्यटकांच्या टाकीत साधी, दाबून भरलेली हवा असते. निव्वळ ऑक्सिजन ६ मीटरच्या खाली विषारी ठरू लागतो.) त्याच्या तोंडातला रेग्युलेटर आजूबाजूच्या पाण्याइतक्याच दाबाची हवा देतो, नाहीतर एवढ्या पाण्याखाली छाती फुगवताच आली नसती. म्हणजे त्याच्या फुप्फुसातले ६ लिटर दुप्पट दाबाचे आहेत. मास्कमध्ये पाणी शिरलं, तो घाबरला, सवयीने दम धरला आणि वर झेपावला, तर त्या हवेला १२ लिटर जागा हवी असते. फुप्फुसात तेवढी जागा नाही.

‘उथळच तर आहे’ हा दिलासाही फसवा. ३० मीटरवरून २० वर येताना दाब ४ वातावरणांचा ३ होतो, हवा सव्वापटीहून थोडी जास्त फुगते. ५ मीटरवरून पृष्ठभागावर येताना ती दीडपट होते. सर्वात मोठी झेप शेवटच्या काही मीटरमध्ये असते. छाती पूर्ण भरलेली असेल तर सव्वा मीटर खोलीवरून दम धरून वर येणंही घातक ठरू शकतं.

मग वायुकोशांच्या, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या इवल्या पिशव्यांच्या, भिंती फाटतात. थांबवणारी कळ येईलच असं नाही. हवा फुप्फुसशिरांत शिरते, तिथून हृदयाच्या डाव्या अलिंदात, डाव्या निलयात, महाधमनीतून मेंदूकडे. तिथे बुडबुडा धमनी अडवतो आणि माणूस वर आल्यावर काही मिनिटांत शुद्ध हरपतो. बघणाऱ्यांना वाटतं, पाणी प्यायला. कृष्णाकाठी बुडालेल्याला ‘आसरांनी ओढलं’ म्हणतात, किनाऱ्यावर ‘वेळ आली होती’ म्हणतात. मला या बोलण्याचा राग येतो, कारण त्यानंतर टाकीत किती हवा उरली होती, तो किती वेगाने वर आला, हे कुणी विचारतच नाही.

हे विचारलं की काय सापडतं? डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हिंगच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या अभ्यासकांनी १९९२ ते २००३ या काळातल्या ९४७ स्कूबा मृत्यूंची छाननी केली. ज्यांत मूळ कारण ठरवता आलं, त्यांतल्या ४१ टक्के प्रकरणांची सुरुवात हवा कमी पडण्यापासून झाली होती. शेवटचा घाव घालणारी इजा पाहिली, तर ३३ टक्क्यांत गुदमरणं, २९ टक्क्यांत वर सांगितलेला बुडबुडा आणि २६ टक्क्यांत हृदयविकार होता.

या आकड्यांत बोटवाल्यांची जबाबदारी स्पष्ट दिसते. हवेचा काटा बघणं, मिनिटाला ९ मीटरपेक्षा वेगाने वर न येऊ देणं, हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल त्याला परत पाठवणं, हे पहिल्यांदाच पाण्यात उतरणाऱ्याच्या हातात नसतं. १९९८ साली ऑस्ट्रेलियात एक बोट डोकी नीट न मोजता किनाऱ्यावर परतली. मागे राहिलेलं अमेरिकन जोडपं कधीच सापडलं नाही. ‘पोहता येत नसलं तरी चालतं’ ही जाहिरात खरी आहे, पण प्रशिक्षक पूर्ण वेळ हात धरून असेल तरच. ‘श्वास चालू ठेवा’ हे गर्दीत एकदा ओरडून सांगणं मी पुरेसं मानत नाही. कमरेएवढ्या पाण्यात प्रत्येकाकडून ते करून घ्यायला हवं, आणि पट्टीच्या पोहणाऱ्याकडून जरा जास्तच.

बोटीवर ऑक्सिजनची टाकीही हवीच, ही मात्र खऱ्या ऑक्सिजनची. बुडबुड्यात मुख्यतः नायट्रोजन असतो. रुग्णाला शुद्ध ऑक्सिजन दिला की रक्तातला नायट्रोजन घटतो आणि बुडबुड्यातला बाहेर पडू लागतो. रुग्णाला आडवंच ठेवायचं, आणि दवाखान्यात पोचल्याबरोबर डॉक्टरांना सांगायचं, की हा पाण्याखाली टाकीतली हवा घेत होता. नाहीतर उपचार बुडालेल्या माणसाचे सुरू होतात आणि दाब वाढवून बुडबुडा लहान करणाऱ्या बंद कक्षात पाठवायचा वेळ हातचा जातो.