मोठा पिक्सेल खरंच अंधारात जिंकतो का?

गेल्या काही वर्षांत सोशल मीडियावर एक टूम निघाली आहे. वीस वर्षांपूर्वीचे डिजिटल कॅमेरे शोधून काढायचे, त्यांच्या 'सीसीडी' सेन्सरच्या (सेन्सर म्हणजे उजेड टिपणारी चिप, सीसीडी हा तिचा एक प्रकार) रंगांचं गुणगान करायचं आणि नव्या कॅमेऱ्यांचे रंग प्लॅस्टिकसारखे म्हणून नाकं मुरडायची. जोडीला फोटोवाल्यांत मुरलेला एक जुना समज आहेच: मेगापिक्सेल कमी म्हणजे पिक्सेल मोठा, आणि पिक्सेल मोठा म्हणजे रात्रीचा फोटो स्वच्छ. बेळगावच्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक रात्रभर चालते. ती टिपायला जुना, स्वस्त डीएसएलआर घ्यावा की थोडे पैसे घालून नवा, असा प्रश्न पडला की सल्ला देणारे हीच दोन वाक्यं ऐकवतात. पहिलं जवळजवळ पूर्ण चुकीचं आहे. दुसरं अर्धं बरोबर आहे, म्हणून त्याचा हिशेब नीट मांडावा लागतो.

तुलनेसाठी दोन निकॉन घेऊ: २००४ चा डी७० आणि २०१६ चा डी५६००. सेन्सरचं माप दोन्हींत जवळजवळ एकच, सुमारे २३.६ बाय १५.६ मिलिमीटर. त्यामुळे एकाच लेन्समधून, उजेड आत सोडणाऱ्या भोकाच्या एकाच मापाला, म्हणजे एकाच अ‍ॅपर्चरला दोघांवर पडणारा एकूण उजेडही सारखाच. डी७० चा फोटो ३००८ बाय २००० पिक्सेलचा, म्हणजे सुमारे ६० लाख. डी५६०० चा ६००० बाय ४०००, म्हणजे २ कोटी ४० लाख. आकडा चौपट दिसतो, पण लांबी आणि रुंदी दुपटीनंच वाढली. चार बाय सहा इंची प्रिंटला ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांनी, १८०० बाय १२०० पिक्सेल पुरतात. तिथे दोन्ही कॅमेऱ्यांत फरक दिसणार नाही. लग्नाच्या अल्बमचं बारा बाय अठराचं पान मात्र ५४०० बाय ३६०० मागतं. तिथे डी७० उणा पडतो.

आता पिक्सेल. डी७० चा एक पिक्सेल सुमारे ७.९ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) रुंद, डी५६०० चा ३.९. रुंदी निम्मी म्हणजे क्षेत्रफळ पाव. जुन्या पिक्सेलला चौपट उजेड मिळतो, हे अगदी खरं. मोठ्या पिक्सेलचा समज इथपर्यंत बरोबर चालतो आणि इथेच थांबतो.

उजेड सुट्या फोटॉनांनी येतो, आणि ते ठरावीक अंतरानं येत नाहीत. पिक्सेलवर सरासरी १०० फोटॉन नोंदले जात असतील, तर प्रत्यक्षात कधी ९२, कधी १०७ भरतात. हा चढउतार सरासरीच्या वर्गमुळाएवढा असतो. १०० ला १०, ४०० ला २०. फोटोत दिसणारे दाणे, म्हणजे नॉइज, यातला मोठा भाग हाच. हा उजेडाचा स्वतःचा नॉइज आहे. कुठलीही कंपनी तो कमी करू शकत नाही.

नोंदलेला प्रत्येक फोटॉन पिक्सेलमध्ये एक इलेक्ट्रॉन जमा करतो. समजा, एका राखाडी भिंतीवर डी७० च्या पिक्सेलमध्ये ४०० इलेक्ट्रॉन जमले. नॉइज २०, म्हणजे सिग्नल (जमलेले इलेक्ट्रॉन) नॉइजच्या २० पट. तेवढ्याच जागेत डी५६०० चे चार पिक्सेल बसतात. प्रत्येकात १०० इलेक्ट्रॉन, नॉइज १०, म्हणजे १० पट. एकेक पिक्सेल पाहिला तर नवा कॅमेरा दुपटीनं घाण दिसतो. पण चौघांची बेरीज करा: इलेक्ट्रॉन ४००, नॉइज २०, पुन्हा २० पटच. फोटो सारख्या आकारात पाहिला की ही बेरीज आपोआप होते, मग तो प्रिंट असो की मोबाइलचा पडदा. संगणकावर दोन्ही फोटो १०० टक्के मोठे करून शेजारी ठेवणारा माणूस नव्या कॅमेऱ्याचा पाव तुकडा जुन्याच्या पूर्ण तुकड्याशी ताडत असतो. निकाल चुकतो तो तिथे.

एवढ्यावर बरोबरी व्हायला हवी होती. ती होत नाही, नवा पुढे जातो. त्याचं कारण साठलेले इलेक्ट्रॉन मोजण्याच्या पद्धतीत आहे.

सीसीडीची कल्पना विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ मध्ये बेल लॅब्समध्ये मांडली. त्यासाठी २००९ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांना वाटा मिळाला. डी७० च्या सीसीडीत प्रत्येक पिक्सेलशेजारी एक झाकलेली उभी गल्ली असते. फोटो काढून झाला की पिक्सेलमधले इलेक्ट्रॉन त्या गल्लीत सरकतात. मग सगळ्या गल्ल्या एकेक पायरी खाली उतरतात, तळाच्या आडव्या रांगेत येतात आणि ती रांग एकेक घर पुढे सरकत शेवटच्या अ‍ॅम्प्लिफायरशी पोहोचते. ६० लाख पिक्सेलांचा माल मोजायला दार एक, फार तर दोन.

हंगामात साखर कारखान्याच्या फाटकावर उसाच्या गाड्यांची रांग लागते, तसाच हा प्रकार. काटा एकच आणि गाड्या हजारो असतील तर प्रत्येक गाडी काट्यावर टेकते न टेकते तोच पुढे काढावी लागते. काट्याची सुई स्थिर व्हायच्या आत वजन लिहिलं जातं आणि आकडा थोडा इकडेतिकडे होतो. डी५६०० च्या सीमॉस या दुसऱ्या प्रकारच्या सेन्सरमध्ये इलेक्ट्रॉनांचं व्होल्टेजमध्ये रूपांतर पिक्सेलमध्येच होतं, आणि उभ्या स्तंभागणिक वेगळी मोजणी करता येते. म्हणजे गावागावात काटा, आणि घाई नाही.

घाईचा आकडाही काढता येतो. डी७० सेकंदाला ३ फोटो काढतो. ६० लाख पिक्सेल एका दारातून फार तर ०.३३ सेकंदात काढायचे, तर प्रत्येकाला ५५ नॅनोसेकंद मिळतात. डी५६०० सेकंदाला ५ फोटो काढतो. ४००० ओळी फार तर ०.२ सेकंदात वाचायच्या, म्हणजे एका ओळीला ५० मायक्रोसेकंद, आणि ओळीतले सगळे पिक्सेल एकाच वेळी मोजले जातात. प्रत्यक्ष वाचन दोन्हींत याहून जलद होतं, पण प्रमाण ध्यानात घ्या: मोजणीला मिळणारा वेळ जवळजवळ हजारपट. इलेक्ट्रॉनिक्सचा साधा नियम असा की झटपट मोजायचं तर अ‍ॅम्प्लिफायरची बँडविड्थ, म्हणजे सिग्नल आत येण्याची वाट, रुंद ठेवावी लागते, आणि रुंद बँडविड्थमधून उष्णतेचा नॉइजही जास्त शिरतो. सावकाश मोजा, बँडविड्थ अरुंद ठेवा, नॉइज घटतो. शिवाय दोन्ही प्रकारांत आधी रिकाम्या अवस्थेचं व्होल्टेज मोजून ते नंतरच्या मापातून वजा करतात, म्हणजे रिकाम्या गाडीचं वजन वजा होतं. हे वजाबाकीचं तंत्र नसतं तर दोन्ही सेन्सर अंधारात निकामी ठरले असते.

मोजणीच्या या चुकीला रीड नॉइज म्हणतात. मापं कॅमेऱ्यागणिक बदलतात. हिशेबापुरते जुन्याला १० इलेक्ट्रॉन आणि नव्याला ३ धरू. मिरवणुकीतल्या एखाद्या काळ्या कोटाच्या सावलीत डी७० च्या पिक्सेलला जेमतेम १६ इलेक्ट्रॉन मिळाले. दोन नॉइज थेट मिळवत नाहीत, त्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढतात. उजेडाच्या नॉइजचा वर्ग १६, रीड नॉइजचा वर्ग १००. बेरीज ११६, वर्गमूळ १०.८. सिग्नल नॉइजच्या दीडपट, म्हणजे कोट आणि दाणे यांत निवड करणं मुश्कील. नव्याच्या चार पिक्सेलांत मिळून तेच १६ इलेक्ट्रॉन, आणि रीड नॉइजचा वर्ग चार वेळा ९, म्हणजे ३६. बेरीज ५२, वर्गमूळ ७.२, सिग्नल २.२ पट. नवा सिलिकॉन पडलेल्या फोटॉनांपैकी जास्त पकडतो. ते दीडपट धरले तर इलेक्ट्रॉन २४, नॉइज ७.७ आणि प्रमाण ३.१. डी७० च्या दुप्पट. लख्ख उजेडात मात्र ४०,००० इलेक्ट्रॉनांपुढे १० ची चूक कुणाला दिसणार? म्हणून दुपारच्या फोटोंत दोघं सारखे वाटतात आणि रात्री वाटत नाहीत.

डी७० चा तो दाराशी बसलेला अ‍ॅम्प्लिफायर फोटोत प्रत्यक्ष पाहताही येतो. लेन्सला टोपी लावा, व्ह्यूफाइंडर झाका आणि काही मिनिटांचं एक्सपोजर द्या. काळ्या चौकटीच्या एका कोपऱ्यात जांभळट उजेड पसरलेला दिसतो. तिथे अ‍ॅम्प्लिफायर तापतो आणि शेजारच्या पिक्सेलांत नको ते इलेक्ट्रॉन सोडतो.

तुलना घरी करायची तर दोन्ही कॅमेऱ्यांना एकच लेन्स लावा. ५० मिमी एफ/१.८डी उत्तम. तिची अ‍ॅपर्चर रिंग एफ/२२ वर लॉक करा, नाहीतर कॅमेरा 'एफईई' दाखवून अडून बसतो. ट्रायपॉड, सेल्फ टायमर, रॉ (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली) फाइल. दोघांना आयएसओ (उजेडाबद्दलची संवेदनशीलता) १६००, अ‍ॅपर्चर एफ/५.६, शटर १/५० सेकंद. शटर १/५० अशासाठी की आपल्या विजेचे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १/५० मध्ये दोन पुरी आवर्तनं बसतात. १/३२० ला एका फोटोत उजेड जास्त आणि दुसऱ्यात कमी येईल, आणि दोष कॅमेऱ्याला लागेल. सॉफ्टवेअरमध्ये नॉइज रिडक्शन शून्य, व्हाइट बॅलन्स सारखा. दोन कंपन्यांचं सोडा, एकाच कंपनीच्या दोन पिढ्यांचा आयएसओही तंतोतंत जुळत नाही, म्हणून थोडा फरक आला तर ब्राइटनेस सरकवून जुळवा. मग डी५६०० चा फोटो ३००८ पिक्सेल रुंदीला आणा आणि सावल्या पाहा. जेपीजीवर ही तुलना करू नका. तिथे सेन्सरपेक्षा कंपनीच्या पुसापुशीची परीक्षा होते.

रस्त्यावर याचा अर्थ असा. दिव्यांनी उजळलेल्या चौकात एफ/५.६ ला आयएसओ १६०० वर साधारण १/१५ मिळतं. लेझीम खेळणाऱ्याचे हात त्यात नुसते पुसट रेघा होतात. डी७० ची पायरी १६०० ला संपते. डी५६०० ला ६४०० वर १/६० मिळतं आणि चेहरा तरी ठरतो. त्याच्या २५,६०० वर जायची वेळ आलीच, तर वर्तमानपत्राच्या एका कॉलमापलीकडे त्या फोटोकडून अपेक्षा ठेवू नये.

रंगांबद्दल थोडक्यात, कारण त्यात फारसा दम नाही. सिलिकॉनला, सीसीडी असो की सीमॉस, रंग कळत नाही. तो फक्त इलेक्ट्रॉन मोजतो. रंग येतो वरच्या लाल, हिरव्या, निळ्या गाळण्यांच्या जाळीतून. ती कोडॅकच्या ब्राइस बायर यांची, पेटंट १९७६ चं. त्यात हिरव्या गाळण्या निम्म्या. त्या गाळण्यांची रंगद्रव्यं, व्हाइट बॅलन्स आणि कंपनीनं ठरवलेला टोन यांवर फोटोचा रंग ठरतो. आणि जुना म्हणजे सीसीडी हेही खरं नाही: कॅनन ३००डी २००३ चा, डी७० च्याही आधीचा, आणि त्यात सीमॉस आहे. सीसीडीचा जादुई रंग म्हणून चढी किंमत मोजणारा गाळणीचे पैसे काट्याला देतो आहे.

जुना कॅमेरा एका बाबतीत मात्र खरोखर सरस आहे. भर दुपारी मांडवाबाहेर नवरा-नवरीच्या डोळ्यांखालच्या सावल्या घालवायला फ्लॅश मारावा लागतो. फ्लॅश साधारण हजारांश सेकंदात संपतो, आणि त्या क्षणी सेन्सर पूर्ण उघडा हवा. डी५६०० च्या शटरचे यांत्रिक पडदे पूर्ण उघडे सापडतात ते १/२०० पर्यंतच. डी७० मध्ये पडदे उघडे ठेवून एक्सपोजर विजेनं कापता येतं: पिक्सेल रिकामे करायचे, आणि ठरल्या क्षणी माल झाकलेल्या गल्लीत ढकलायचा. म्हणून तो फ्लॅशसकट १/५०० ला चालतो. फ्लॅशच्या तुलनेत ऊन अडीचपट दबतं. तेवढ्यासाठी नव्याला अडीचपट ताकदीचा फ्लॅश लागेल. या सोयीची किंमतही आहे. सूर्य थेट चौकटीत घेतला आणि शटर वेगवान असलं, तर झाकलेल्या गल्लीत उजेड झिरपतो आणि फोटोवर वरपासून खालपर्यंत पांढरी रेघ उमटते.

फ्लॅशचा विषय निघालाच आहे, तर पावसाळ्यात कणकुंबी-जांबोटीकडच्या धुक्यात फ्लॅश मारून काढलेल्या फोटोंत गोल पांढरे ठिपके येतात, त्याविषयी. काही जण त्यांना आत्मे म्हणतात. ते आत्मे नाहीत. लेन्सपुढे वीतभर अंतरावरचा पाण्याचा थेंब फ्लॅशनं उजळतो आणि फोकसबाहेर असल्यानं तबकडीएवढा दिसतो. लेन्सला खेटून फ्लॅश असलेल्या लहान कॅमेऱ्यांत आणि मोबाइलमध्ये हे 'आत्मे' जास्त भेटतात. फ्लॅश हातभर बाजूला नेला की बहुतेक नाहीसे होतात.

डी७० चा फोटो पाहायचा मागचा पडदा १.८ इंची, त्यावर फोकस लागला की नाही ते कळत नाही, घरी गेल्यावर कळतं. फोकस बिंदू ५, नव्यात ३९. खणाच्या चोळीवर किंवा इरकलीच्या बारीक चौकड्यांवर डी७० रंगीत लाटा उमटवतो, कारण त्याची मॉइरे, म्हणजे याच लाटा, रोखणारी गाळणी कमजोर आहे. डी५६०० मध्ये ती गाळणी नाहीच, पण पिक्सेल बारीक असल्यानं लाटा उमटायला त्याहून बारीक विण लागते. दोन पावलं पुढे-मागे सरकलं की दोन्हींत त्या जातात.

विकत घेताना सर्वांत जास्त फसगत लेन्समध्ये होते. डी७० च्या बॉडीत फोकसची मोटर आहे, डी५६०० मध्ये नाही. वरची ५० मिमी एफ/१.८डी नव्यावर हातानं फोकस करावी लागते. व्ह्यूफाइंडरमधला हिरवा ठिपका स्थिर झाला की फोकस लागला. उलट, डी५६०० सोबत येणारी १८-५५ ही एएफ-पी प्रकारची लेन्स डी७० वर बसते, पण फोकस होत नाही, हातानंही नाही, कारण तिची रिंगसुद्धा आतल्या मोटरलाच हुकूम देते आणि डी७० ला ती मोटर चालवता येत नाही. जुन्या बॉडीसाठी १८-५५ घ्यायचीच तर नळीवर 'एएफ-एस' लिहिलेलं पाहून घ्या.