आणीबाणी लावायला एक सही, उठवायला दोन-तृतीयांश मते

1973 साली अमेरिकेच्या सिनेटने एक खास समिती नेमली. आयडाहोचे डेमोक्रॅट फ्रँक चर्च आणि मेरीलँडचे रिपब्लिकन चार्ल्स मॅथायस हे दोघे तिचे सहअध्यक्ष होते. राष्ट्राध्यक्षांच्या हाती आणीबाणीचे नेमके कोणते अधिकार आहेत, हे शोधण्याचे काम तिच्याकडे होते. समितीला आढळले ते धक्कादायक होते. बँका वाचवण्यासाठी रूझवेल्ट यांनी 1933 मध्ये जाहीर केलेली आणीबाणी अजून चालूच होती. कोरियातील युद्धासाठी ट्रुमन यांनी 1950 मध्ये लावलेलीही चालू होती. टपाल कर्मचाऱ्यांच्या संपावरून 1970 मध्ये आणि डॉलरच्या संकटावरून 1971 मध्ये निक्सन यांनी लावलेल्या दोन्ही तशाच होत्या. संकटे सरली, अध्यक्ष बदलले, काहींचे निधनही झाले, पण घोषणा कुणी मागे घेतल्या नव्हत्या. त्यांच्या आधारे वापरता येतील अशा सुमारे 470 कायदेशीर तरतुदी समितीने मोजल्या. मालमत्ता ताब्यात घेणे, दळणवळणावर नियंत्रण ठेवणे, प्रवासावर निर्बंध घालणे, असे बरेच काही त्यांत होते.

हे सारे अधिकार अध्यक्षांनी हिसकावलेले नव्हते. अमेरिकी संसदेने, म्हणजे काँग्रेसनेच, ते वेळोवेळी कायदे करून दिले होते आणि परत घ्यायची सोय ठेवली नव्हती. अध्यक्षांच्या सहीने निघणाऱ्या कार्यकारी आदेशांच्या वादात हा भाग नेहमी मागे पडतो.

अमेरिकी राज्यघटनेत ‘कार्यकारी आदेश’ असा शब्दप्रयोग कुठेही नाही. अशा आदेशाला बळ मिळते ते घटनेने अध्यक्षांना दिलेल्या अधिकारातून किंवा काँग्रेसच्या एखाद्या कायद्यातून. दोन्हींचा आधार नसेल तर आदेश टिकत नाही. एप्रिल 1952 मध्ये ट्रुमन यांनी संपाच्या तोंडावर पोलाद कारखाने ताब्यात घेण्याचा आदेश काढला आणि जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो 6 विरुद्ध 3 मतांनी रद्द ठरवला. काँग्रेसच्या इच्छेविरुद्ध वागणाऱ्या अध्यक्षाचे अधिकार सर्वांत क्षीण असतात, असे न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी त्या निकालात लिहिले. मात्र काँग्रेसने गप्प बसायचे ठरवले तर काय होते, ते त्याआधी दहा वर्षे दिसले होते. फेब्रुवारी 1942 च्या आदेश क्रमांक 9066 खाली सुमारे 1 लाख 20 हजार जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबले गेले. काँग्रेसने तो आदेश रोखला नाहीच, उलट महिन्याभरात तो मोडणाऱ्याला शिक्षेची तरतूद करून दिली.

चर्च-मॅथायस समितीच्या कामातून 1976 चा राष्ट्रीय आणीबाणी कायदा झाला. जुन्या घोषणांवर आधारलेले अधिकार दोन वर्षांत संपतील, नवी आणीबाणी दरवर्षी नूतनीकरण केली नाही तर आपोआप संपेल आणि दर सहा महिन्यांनी दोन्ही सभागृहे तिचा विचार करतील, असे ठरले. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, दोन्ही सभागृहांनी साध्या बहुमताने ठराव केला की आणीबाणी संपणार होती. त्यावर अध्यक्षांची सही लागणार नव्हती. कायद्याचा खरा दात तोच होता.

तो 1983 मध्ये निखळला, आणि तेही एका वेगळ्याच खटल्यात. केनियात जन्मलेले भारतीय वंशाचे जगदीश राय चढ्ढा विद्यार्थी व्हिसाची मुदत संपल्यावरही अमेरिकेत राहिले होते. त्यांची हद्दपारी स्थगित झाली, पण प्रतिनिधिगृहाने ठराव करून ती स्थगिती उठवली. अध्यक्षांकडे न पाठवता केलेल्या अशा ठरावाला कायद्याचे बळ देता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. या एका निकालाने जवळपास दोनशे कायद्यांतील अशा तरतुदी डळमळल्या. 1985 मध्ये आणीबाणी कायदाही बदलावा लागला. आता ठरावाला अध्यक्षांची सही हवी, आणि ज्याने आणीबाणी लावली तो ती सही कशाला करील? मग उरतो नकाराधिकार आणि तो ओलांडण्यासाठी दोन-तृतीयांश बहुमत.

2019 मध्ये याची परीक्षा झाली. मेक्सिको सीमेवरील भिंतीला काँग्रेसने हवा तेवढा पैसा दिला नाही, तेव्हा ट्रम्प यांनी 15 फेब्रुवारीला आणीबाणी जाहीर केली. प्रतिनिधिगृहाने 245 विरुद्ध 182 आणि सिनेटने 59 विरुद्ध 41 मतांनी ती उठवण्याचा ठराव केला. सिनेटमध्ये त्यांच्याच पक्षाचे 12 सदस्य विरोधात गेले. दुसऱ्या दिवशी ट्रम्प यांनी कारकिर्दीतला पहिला नकाराधिकार वापरला, आणि पुढे प्रतिनिधिगृहात 248 मते पडूनही तो ओलांडता आला नाही. याउलट एप्रिल 2023 मध्ये कोविडची आणीबाणी काँग्रेसच्या ठरावाने संपली, कारण बायडेन यांनी त्यावर सही केली. थेट आदेश रद्द करण्याचा इतिहासही असाच आहे. गर्भऊतींच्या पेढीबद्दलचा थोरल्या बुश यांचा आदेश काँग्रेसने 1993 मध्ये निष्प्रभ केला, तेव्हा अध्यक्षपदी क्लिंटन आले होते.

इथे आपल्या राज्यघटनेशी तुलना करण्याजोगी आहे. 1975 चा अनुभव घेतल्यानंतर झालेल्या 44 व्या घटनादुरुस्तीने एकट्या लोकसभेला साध्या बहुमताने आणीबाणी नामंजूर करण्याचा अधिकार दिला. तसा ठराव झाला की राष्ट्रपतींना घोषणा मागे घ्यावीच लागते. लोकसभेच्या एक-दशांश सदस्यांनी तशी लेखी सूचना दिली तर 14 दिवसांत खास बैठक भरते. अध्यादेशांच्या बाबतीत मात्र आपणही फसलो आहोत. पुण्याच्या गोखले संस्थेतील डॉ. डी. सी. वाधवा यांनी बिहारचे दप्तर तपासले, तेव्हा 1967 ते 1981 मधले 256 अध्यादेश पुन्हा पुन्हा काढून, काही तर 14 वर्षांपर्यंत, जिवंत ठेवल्याचे उघड झाले. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1986 मध्ये हे घटनेशी केलेले कपट ठरवले.

अमेरिकेत उपाय सुचवले गेलेच नाहीत असे नाही. 1999 मध्ये टेक्ससचे रॉन पॉल यांनी सर्व चालू आणीबाण्या संपवणारे विधेयक मांडले, पण त्याचा कायदा झाला नाही. युटाचे सिनेटर माइक ली यांचे 2019 चे विधेयक मला सर्वांत नेमके वाटते. काँग्रेसने मंजुरी दिली नाही तर 30 दिवसांत आणीबाणी आपोआप संपावी, असे त्यात होते. म्हणजे बहुमत जमवायची जबाबदारी आणीबाणी हवी असणाऱ्यावर पडली असती. तेही अडले. इराणविरुद्ध कार्टर यांनी नोव्हेंबर 1979 मध्ये जाहीर केलेली आणीबाणी वर्षानुवर्षे नूतनीकरण होत राहिली.

2025 मध्ये तर उलटाच प्रवास दिसला. ट्रम्प यांनी आयातशुल्कासाठी आणीबाणीचाच आधार घेतला. रशियन तेलावरून भारतीय मालावर ऑगस्टमध्ये लादलेले जादा 25 टक्केही त्याच वाटेने आले. आणीबाणी उठवण्याच्या ठरावावर ठराविक दिवसांत मतदान घेण्याची सक्ती 1976 च्या कायद्यात आहे. मार्चमध्ये प्रतिनिधिगृहाच्या बहुमताने नियम केला की, 1 फेब्रुवारीला जाहीर झालेल्या शुल्काच्या आणीबाणीपुरता सत्राचा उरलेला एकही दिवस कॅलेंडरचा दिवस धरायचा नाही, म्हणजे मतदानाची मुदत मोजलीच जाणार नव्हती. एप्रिलमध्ये सिनेटने कॅनडावरील शुल्काची आणीबाणी उठवण्याचा ठराव 51 विरुद्ध 48 मतांनी मंजूर केला, पण प्रतिनिधिगृहाला त्यावर मत देण्याची घाई कायद्याने उरली नव्हती.