डोहाळे आणि पहिले तीन महिने

डोहाळे : गरोदरपणाच्या सुरुवातीची मळमळ, कोरड्या ओकाऱ्या, अन्नावरची वासना उडणे आणि त्याच वेळी एखाद्याच पदार्थावर जीव जाणे, या सगळ्यांना मिळून मराठीत असलेला शब्द. त्याचे मूळ संस्कृत ‘दौहृद’ शब्दाशी जोडतात. सुश्रुतसंहितेनुसार चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते, म्हणून गर्भिणी ‘दौहृदिनी’, दोन हृदयांची. मराठवाड्यातली बाई हेच ‘दोन जिवांची’ असे म्हणते. गंमत अशी, की चौथा महिना लागेपर्यंत बहुतेकींचा खरा त्रास ओसरत आलेला असतो.

मळमळ साधारण सहाव्या आठवड्याच्या आसपास सुरू होते, आठव्या-दहाव्या आठवड्यात टोकाला जाते आणि बहुतेकींची सोळाव्या आठवड्यापर्यंत कमी होते. दहापैकी सात-आठ जणींना ती कमी-अधिक होतेच. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार गर्भाकडून आईच्या रक्तात येणारे जीडीएफ-15 हे संप्रेरक याला मोठ्या प्रमाणात कारणीभूत आहे. आधीपासून ज्यांच्या शरीरात ते कमी असते त्यांना त्रास जास्त होतो. म्हणजे ‘हिचं नाजूकच आहे’ या शेऱ्यात तथ्य नाही. स्तन दुखणे, सारखी लघवी, बद्धकोष्ठ, उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी, दुपारीच गळून जाणे हेही याच दिवसांतले.

वासाचा जाच सर्वांत वाईट. पहाटे चुलीवर आमटीला फोडणी पडते, येसर (भाजलेल्या धान्य-डाळींचा मसाला) खमंग सुटतो, आणि कालपर्यंत त्याच वासाने भूक लागणारी सून पदर नाकाला लावून न्हाणीकडे धावते. सासू तव्यावरची भाकर उलटते आणि काही बोलत नाही. महिनाभर सून ‘बाहेर बसली’ नाही हे घराला ठाऊकच असते. पण तीन महिने होईपर्यंत तोंडातून काढायचे नाही, नजर लागते, अशी रीत. तिसऱ्या महिन्यात गुपचूप ‘चोरओटी’ भरतात, गाजावाजा होतो तो पुढे डोहाळजेवणात. त्रास सर्वांत जास्त असतो तेव्हाच तो सांगायची चोरी, असा हा उलटा हिशेब आहे. नावनोंदणीही त्यामुळेच मागे पडते. खरे तर बारा आठवड्यांच्या आत आशाताईकडे नोंद करून माता-बाल संरक्षण कार्ड घ्यायचे असते, आणि फॉलिक अ‍ॅसिडची गोळी सुरुवातीपासूनच हवी. बाळाचा मणका आणि मेंदू याच काळात घडत असतात. लोहाच्या गोळ्या सहसा चौथ्या महिन्यापासून देतात.

घरगुती उपायांपैकी बरेचसे शहाणपणाचे आहेत. उठण्याआधी अंथरुणातच मूठभर ज्वारीच्या लाह्या किंवा चुरमुरे खायचे, पोट रिकामे ठेवायचे नाही, थोडे थोडे पण वारंवार खायचे. ज्वारीच्या कण्या ताकात, दुपारी सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांना फोडणी देऊन करतात तो पदार्थ), आल्याचा तुकडा, लिंबाची फोड. एप्रिल-मेच्या उन्हात पाणी पोटात टिकणे हाच खरा प्रश्न; ते घोटाघोटाने प्यावे. एवढ्याने भागले नाही तर डॉक्टर देतात ती डॉक्सिलामाइन आणि जीवनसत्त्व ब-6 यांची गोळी गर्भाला सुरक्षित मानली जाते. चिंचेचे डोहाळे निरुपद्रवी आहेत. भाजकी माती, खडू, पाटीवरची पेन्सिल मात्र नाही. अशी इच्छा अनेकदा रक्त कमी असल्याची खूण असते, तेव्हा हिमोग्लोबिन तपासावे.

काळजी शरीरापेक्षा जास्त छळते. कळून आलेल्या गरोदरपणांपैकी शंभरात दहा ते वीस पहिल्या महिन्यांतच पडतात आणि त्यांतल्या सुमारे निम्म्यांत दोष गुणसूत्रांचा असतो. एसटीत बसलेला धक्का, ग्रहणात चिरलेली भाजी, जावेशी झालेले भांडण यांच्यामुळे ते होत नाही. तरी बोल लागतो बाईलाच. मळमळ असणाऱ्यांत गर्भपात उलट कमी आढळतो. मात्र मळमळ नाही म्हणून घाबरायचेही कारण नाही. डोहाळ्यांवरून मुलगा की मुलगी ओळखण्याची हौस निव्वळ करमणूक म्हणून सोडून देता आली असती. पण 2011 च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे 807 मुली होत्या, आणि पहिली मुलगी असलेल्या बाईला हा प्रश्न हौसेचा वाटत नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्या कोयत्यांची, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्यांची, गोष्ट वेगळी. दसरा-दिवाळीनंतर टोळी गाव सोडते, उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, आधीच घेतलेली असते, आणि कामाचा खाडा पडला की पैसे कापले जातात. उजाडण्याआधी फडात उतरायचे, ओकारी आली तर सरीतच बसायचे, पुन्हा मोळी डोक्यावर घ्यायची. आडोसा नाही म्हणून बाया पाणीच कमी पितात आणि लघवीची जळजळ मागे लागते, मग ताप. कार्डावर गावच्या नर्सबाईची नोंद असते आणि बाई फडाजवळच्या कोपीवर (झोपडीत), दुसऱ्या जिल्ह्यात. कार्ड सोबत नेले तर कुठल्याही सरकारी दवाखान्यात ते चालते.

पाण्याचा घोटही टिकत नाही, दिवसभर लघवी झालेली नाही, वजन झपाट्याने उतरते आहे, हे डोहाळे नव्हेत. सलाईनची गरज आहे. अंगावरून रक्त जाणे, ओटीपोटात एकाच बाजूला जीवघेणी कळ, खांदा दुखणे किंवा चक्कर येऊन पडणे यांत गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत राहिल्याची शक्यता असते. तेव्हा सकाळची वाट न पाहता 108 ला फोन करावा.