विवाहस्थळ झालेले जमीनदारी वाडे (इंग्लंड व वेल्स)

इंग्लंड-वेल्सच्या खेड्यांतील बड्या जमीनदारांचे वाडे, त्यांच्या बागा, तबेले आणि धान्यकोठारे लग्नासाठी भाड्याने देण्याची पद्धत. तिथल्या लोकांना ती आता परंपरेसारखी वाटते, पण कायद्याने तिचे वय 1995 पासून मोजावे लागते.

हे वाडे कुळांच्या खंडावर उभे होते. 1870 च्या दशकापासून अमेरिकेतला स्वस्त गहू येऊ लागला, धान्याचे भाव पडले आणि खंडही घटला. 1894 मध्ये अर्थमंत्री विल्यम हारकोर्ट यांनी मृताच्या मालमत्तेवर नवा कर बसवला. सर्वांत मोठ्या मालमत्तांसाठी त्याचा दर तेव्हा 8 टक्के होता. 1919 मध्ये तो 40 आणि 1949 मध्ये 80 टक्क्यांवर गेला. शेती विकूनही छपराची डागडुजी भागेना, तेव्हा मालकांनी वाडे पाडायला काढले. 1955 च्या सुमारास सरासरी दर पाच दिवसांना एक वाडा जमीनदोस्त होत होता. शेकडो वर्षांची सुतारकी आणि गवंडीकाम भंगाराच्या भावाने गेले, ही हानी भरून येणारी नाही. 1968 च्या नगररचना कायद्याने संरक्षित इमारत पाडण्यापूर्वी परवानगी सक्तीची केली. वाडे वाचले, पण ते सांभाळण्याचा खर्च मालकांच्या डोक्यावर तसाच राहिला. लाँगलीटचा वाडा 1949 मध्येच तिकीट लावून लोकांना खुला झाला होता. तीच वाट पुढे अनेकांनी धरली.

लग्नाचा मार्ग मात्र बंद होता. 1753 च्या कायद्याने क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) व ज्यू वगळता सर्वांची लग्ने चर्चमध्ये नेली. अपवाद कँटरबरीच्या आर्चबिशपच्या, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या मुख्य धर्मगुरूच्या, खास परवान्याचा: त्यावर उमराव घरच्या दिवाणखान्यातही लग्न लावत. 1837 पासून नोंदणी कार्यालयाचा पर्याय आला. 1994 च्या कायद्याने मान्यताप्राप्त जागेत नोंदणी विवाहाची मुभा दिली आणि 1 एप्रिल 1995 पासून ती अमलात आली. मान्यता स्थानिक प्राधिकरण देते. समारंभाला धार्मिक स्वरूप चालत नाही. स्कॉटलंडचा विवाहकायदा वेगळा असल्याने हा इतिहास तिकडे लागू होत नाही.

वाड्यातल्या दालनांइतकीच मागणी आज कोठारांना आहे. जुन्या कोठाराला समोरासमोर दोन उंच दारे असतात. भरलेली गाडी एका दाराने आत येई, रिकामी दुसऱ्याने बाहेर पडे. मधल्या फरशीवर मळणी होई आणि उफणताना दोन्ही दारे उघडी टाकली की वाऱ्याने भुसा उडून जाई. आता त्या दारांना बहुधा काच बसवलेली असते. वधू तिथूनच आत येते आणि मळणीच्या जागेवर पाहुण्यांच्या खुर्च्या मांडलेल्या असतात. इमारत संरक्षित असेल तर अशा बदलांना मंजुरी लागते. तुळयांमध्ये वटवाघळांचे वास्तव्य असेल तर 1981 च्या वन्यजीव कायद्यामुळे काम थांबते. ही बंधने मालकांना जाचक वाटतात, तरी तुळयांचे जुने लाकूड बऱ्याच ठिकाणी जागेवर टिकले ते त्यांच्यामुळेच.

संध्याकाळी सहानंतर विवाह लावण्याची बंदी 2012 मध्ये उठली. छताची अट आणखी टिकली: समोर हिरवळ असली तरी वधूवरांना विधीसाठी मान्य केलेल्या बांधकामातच उभे राहावे लागे. करोनाकाळात, 1 जुलै 2021 पासून, मान्यताप्राप्त जागेच्या आवारात उघड्यावर नोंदणी विवाह लावता येऊ लागला. पुढच्या वर्षी ही सवलत कायम झाली.