मिरज, मनमाड आणि मळी: इथेनॉलची पार्श्वभूमी

पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. त्याने गाडीचं ॲव्हरेज किती घटतं, यावर वाद चालू आहेत. पण या इथेनॉलची गोष्ट सुरू होते साखर कारखान्यात, आणि माझ्या मते तेलाच्या भावापेक्षा उसानेच तिला वेळोवेळी वळण दिलं.

उसाचा रस आटवला की साखरेचा दाणा धरतो. दाणा वेगळा काढल्यावर उरणारा काळा, चिकट पाक म्हणजे मळी. ती पुन्हा उकळून आणखी साखर काढतात. शेवटी साखर काढणं परवडेनासं झालं की राहते ती 'सी हेवी' मळी. डिस्टिलरीत ती आंबवतात, अल्कोहोल गाळतात आणि त्यातलं पाणी जवळजवळ सगळं काढून टाकतात. गाडीला चालणारं इथेनॉल ते हेच.

पॉवर अल्कोहोलचा, म्हणजे इंधन म्हणून वापरायच्या अल्कोहोलचा, कायदा आपल्याकडे १९४८ सालीच झाला होता. तरी पुढची पन्नास वर्षं मळी गेली ती मुख्यतः दारू आणि रसायनांकडे. २००१ मध्ये मिरज आणि मनमाडला पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिश्रणाची चाचणी झाली; तिसरी उत्तर प्रदेशात. जानेवारी २००३ पासून नऊ राज्यांत मिश्रण सुरू झालं. नेमका तेव्हाच महाराष्ट्रातल्या उसावर लोकरी मावा ही कीड पडली होती, त्यात दुष्काळ. मळीच मिळेना, तेव्हा २००४ मध्ये सक्ती सैल करावी लागली. २०१३-१४ मध्येसुद्धा मिश्रण दीड टक्क्याच्या आसपासच होतं.

खरा बदल २०१८ चा. साखर गोदामांत पडून होती, शेतकऱ्यांची एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर, थकली होती. सरकारने 'बी हेवी' मळी, म्हणजे साखर काढणं एक पायरी आधीच थांबवून उरलेली मळी, आणि थेट रसापासूनच्या इथेनॉललाही वेगळे, चढे दर दिले. कारखान्यांनी कर्जं काढून डिस्टिलऱ्या उभारल्या. जून २०२२ मध्ये १० टक्क्यांचा टप्पा मुदतीच्या पाच महिने आधी गाठला गेला.

आणि २०२३ ला पाऊस कमी झाला. गाळप सुरू होऊन जेमतेम पाच आठवडे होतात तोच, ७ डिसेंबरला, रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी आली. काही दिवसांत ती थोडी शिथिल झाली खरी, पण कर्जाचे हप्ते त्या हंगामातही भरायचेच होते. कारखानदारांचा संताप मला रास्त वाटतो. साखर आधी लोकांच्या ताटात हवी, हेही तितकंच खरं. शिवाय नीती आयोगाच्या अहवालानुसार उसापासूनच्या एका लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी लागतं.

२०२३-२४ मध्ये धान्यापासूनचं इथेनॉल उसाच्या पुढे गेलं, त्यात मोठा वाटा मक्याचा. मका कोंबड्यांनाही लागतो; त्यामुळे खाद्य महागल्याची तक्रार आता पोल्ट्रीवाले करत आहेत.