मायपो खोऱ्यातला दुष्काळ आणि आटत चाललेल्या हिमनद्या

चिलीची राजधानी सांतियागो मायपो नदीच्या पाण्यावर जगते. तिथला हिवाळा, म्हणजे मे ते ऑगस्ट, हाच पावसाचा आणि हिमवृष्टीचा काळ. ऑक्टोबरपासून त्या हंगामात पडलेला बर्फ वितळून नदीत येतो. तो संपला की जानेवारी ते मार्च भिस्त हिमनद्यांवर.

अवर्षणाच्या वर्षी इथे उलटंच घडतं. कमी पडलेला बर्फ लवकर सरतो आणि खालचा जुना, मळकट बर्फ उघडा पडतो. ताजा बर्फ ऐंशी टक्क्यांच्या आसपास ऊन परतवतो, हा त्याच्या निम्मंही नाही. त्यात आभाळ निरभ्र. म्हणून पाऊस नसतो तेव्हाच हिमनदी जास्त पाणी सोडते. १९६८-६९च्या कडक दुष्काळात मायपोला असाच आधार मिळाला. त्यानंतरच्या दुष्काळांत मात्र ही वाढ दर खेपेला उतरती राहिली, कारण वितळायला क्षेत्रच कमी उरलं. सर्वाधिक पाणी देणारी खालची, उबदार टोकं आधी गेली. १९५५ ते २०१६ या काळात खोऱ्यातल्या हिमनद्यांचं आकारमान सुमारे एक पंचमांशाने घटलं.

सरकारी जलखात्याने १९७५ पासून एचाउर्रेन नोर्ते या छोट्या हिमनदीची मोजणी सुरू केली. बर्फात खांब रोवायचे, हिवाळा संपताना साचलेल्या बर्फाची खोली आणि घनता मोजायची, उन्हाळ्याअखेर खांब किती उघडे पडले ते पाहायचं. दक्षिण अमेरिकेतली ही सर्वात लांब नोंदमाला. दुर्दैवाने १९८१च्या जलसंहितेत, म्हणजे देशाच्या पाणीकायद्यात, आटत्या हिमनद्यांच्या या वास्तवाला जागा नव्हती. पाणीहक्क जमिनीपासून वेगळे, कायमचे आणि विकाऊ झाले, नोंद लिटर प्रति सेकंदात. आकडा कायम, नदी मात्र घटती.

२०१० पासून मध्य चिलीत पावसाची तूट २० ते ४० टक्के राहिली. २०१८ मध्ये सांतियागोजवळचा आकुलेओ तलाव कोरडा पडला. त्यात आसपासच्या पाणीउपशाचाही वाटा होता. एप्रिल २०२२ मध्ये सांतियागोसाठी चार टप्प्यांची पाणीकपात योजना जाहीर झाली. त्याच वर्षी संहिता बदलली: पिण्याच्या पाण्याला अग्रक्रम, नवे हक्क ३० वर्षांपुरते. जुन्या हक्कांची मुदत मात्र तशीच राहिली.

२०२३ मध्ये जून आणि ऑगस्टमध्ये जोरदार पाऊस झाला, पण उबदार वादळांतून. शून्य अंशाची रेषा, म्हणजे जिच्या वर पावसाऐवजी बर्फ पडतो ती उंची, वर सरकली, एरवी बर्फ साचतो त्या उतारांवर पाऊस पडला आणि ते पाणी उन्हाळ्यासाठी न साठता पूर होऊन वाहून गेलं.