१०४७ नंबरचं बिल गेलं कुठं?

एका ओळखीच्या दुकानदाराला मी बिलिंगचं छोटं सॉफ्टवेअर करून दिलं होतं. मार्च एंडला त्यांच्या सीएंचा फोन, १०४६ आहे, १०४८ आहे, मधलं बिल कुणी उडवलं? कुणीच उडवलं नव्हतं. ते बिल कधी झालंच नव्हतं, आणि घोळ माझाच होता कारण मी डेटाबेसचा आयडी सरळ बिल नंबर म्हणून छापत होतो.

डेटाबेसमधल्या प्रत्येक नोंदीला ओळखीसाठी एक नंबर, म्हणजे आयडी, लागतो, नावावर भागत नाही, एका गल्लीत चार संजय निघतात. हा नंबर आपोआप पडतो, मायएसक्यूएल नावाच्या डेटाबेसमध्ये त्याला ऑटो इन्क्रिमेंट म्हणतात, ओरॅकल आणि पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये सिक्वेन्स. वाटतं की त्यात काय, आधीचा मोठा नंबर बघायचा आणि एक मिळवायचा. पण दोन काउंटरवर एकाच क्षणी बिल झालं तर दोघांनाही १०४६ च दिसणार, दोघंही १०४७ घेणार आणि मग बोंब. म्हणून डेटाबेस एक वेगळा काउंटर चालवतो, मागेल त्याला पुढचा आकडा देतो आणि विसरून जातो. दवाखान्यातल्या टोकनसारखंच, २३ नंबरवाला कंटाळून घरी गेला तरी मशीन ते टोकन परत आत घेत नाही, कारण तोवर २४ आणि २५ वाटून झालेले असतात.

आमच्याकडे हेच झालं. बिल सेव्ह होताना स्टॉक कमी निघाला, ट्रान्झॅक्शन, म्हणजे बिल सेव्ह करायचं ते अख्खं काम, रोलबॅक झालं म्हणजे मागे फिरलं, सगळं पूर्ववत, फक्त नंबर सोडून. तो परत घ्यायचा म्हटलं तर पहिल्याचं पक्कं होईपर्यंत बाकी सगळ्यांना ताटकळत ठेवावं लागेल. डेटाबेस फक्त एवढंच बघतो की नंबर दोघांना मिळू नये, सलग असेल असं त्याने कधी म्हटलेलंच नाही.

आणि मायएसक्यूएल तर तेही पूर्ण पाळत नव्हतं बरं का! ८.० व्हर्जनच्या आधी त्याच्या इनोडीबी इंजिनमध्ये, म्हणजे डेटा साठवणाऱ्या भागात, काउंटर डिस्कवर न लिहिता फक्त मेमरीत असायचा, शेवटची नोंद डिलीट करून सर्व्हर रीस्टार्ट केला की तोच नंबर नव्या नोंदीला मिळायचा. २०१८ ला ८.० आलं तेव्हा कुठे हे सुधारलं.

असे वाया गेलेले नंबर वरच्या मर्यादेतूनही कापले जातात. साध्या ३२ बिटच्या इंटिजरमध्ये, म्हणजे पूर्णांकाच्या रकान्यात, २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे आकडाच मावत नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये बेसकॅम्प या टीमची कामं सांभाळणाऱ्या ऑनलाइन ॲपच्या एका टेबलाचा आयडी तिथं जाऊन अडकला आणि काही तास लोकांना जुनं वाचता येत होतं पण नवीन काही लिहिता येत नव्हतं. ६४ बिटचा मोठा रकाना, बिगइंट, घेतला की हा प्रश्न आपल्या हयातीत तरी येत नाही.

अजून एक गंमत, हे नंबर बाहेरच्याला बरंच काही सांगून जातात. दुसऱ्या महायुद्धात पकडलेल्या जर्मन रणगाड्यांच्या सिरियल नंबरवरून दोस्त राष्ट्रांच्या गणितज्ञांनी ऑगस्ट १९४२ चं उत्पादन ३२७ काढलं, हेरांचा अंदाज होता १५५०, युद्धानंतर कागद सापडले तर खरा आकडा ३४२! तुमच्या वेबसाइटवर आज ऑर्डर नंबर ५००० आणि उद्या ५०४० दिसला तर शेजारच्या स्पर्धकाला एवढं गणितही करावं लागणार नाही.

सीएंचं म्हणणं मात्र बरोबरच होतं, जीएसटीत बिल नंबर सलग लागतो, आर्थिक वर्षात एकदाच यायला हवा आणि १६ अक्षरांच्या आत. मग बिल नंबरसाठी वेगळं टेबल केलं, वर्षाला एक ओळ, बिल सेव्ह होतानाच त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये ती लॉक करून नंबर घ्यायचा, बिल फसलं तर नंबरही मागे. दुसऱ्या काउंटरला क्षणभर थांबावं लागतं पण दोनच काउंटर आहेत, कुणाच्या लक्षातही येत नाही. आयडी आत आहेच, त्याच्या उड्या चालू आहेत, फक्त आता बिलावर छापत नाही.